सांगण्याचे वय : उतारवयात लिहिलेली मराठी स्त्रियांची आत्मकथने

मराठी साहित्यातले म्हातारपण कोणी लिहिले, असे विचारले तर बहुतेक वाचकांना आधी ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर आठवतील आणि मागोमाग ‘संध्याछाया’तले नाना-नानी. दोन्ही नाटके मोठी आहेत, आणि दोन पिढ्या ती पाहून रडल्या आहेत. एकात आयुष्यभराची कमाई मुलांत वाटून मोकळा झालेला नट बायकोला घेऊन घराबाहेर पडतो. दुसऱ्यात एक मुलगा अमेरिकेत आणि एक सैन्यात असलेले आईबाप रिकाम्या घरात कुणाची तरी वाट पाहत बसतात. म्हातारपण म्हणजे एकेक गोष्ट हातातून सुटत जाणे, हे या नाटकांनी आपल्या मनात इतके पक्के बसवले आहे की उतारवयातल्या आनंदाबद्दल कोणी बोलू लागले तर तो समजूत काढतो आहे असेच वाटते.

पण एक साधी गोष्ट पाहावी. ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा कुसुमाग्रजांचे वय ५८ होते आणि अप्पासाहेब उभे करणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. ‘संध्याछाया’ लिहिताना जयवंत दळवींनी पन्नाशी गाठली नव्हती. त्यातली नानी करणाऱ्या विजया मेहता तर चाळिशीच्या आतबाहेर होत्या. यात कलेचे काही उणे होत नाही. उलट, जे वय आपण जगलो नाही ते इतक्या ताकदीने उभे करणे हे मोठेच काम. तरीही ही दोन्ही म्हातारपणे बाहेरून पाहिलेली आहेत. माणसाला पुढे जे होईल असे वाटते, ज्याची धास्ती वाटते, ते त्यांत आले आहे. धास्ती खरी असते, पण ती साक्ष नव्हे.

ही रीत नाटकांच्या फार आधीपासूनची आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दोष डोळ्यांपुढे ठेवण्याचा भाग येतो. तिथे वार्धक्याचे जे वर्णन आहे तेवढे तपशीलवार वर्णन मराठीत पुढेही फारसे झालेले नाही. शरीराच्या एकेका अवयवाची काय दशा होईल आणि घरची माणसे कशी कंटाळतील, ते सगळे त्यात आहे. पण ते वर्णन मुळात तरुणाच्या नजरेतून केलेले आहे. अंगात बळ आहे तोवरच जो पुढचे पाहून ठेवतो तो ज्ञानी, असा त्याचा रोख आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. परंपरेने दिलेले जन्मसाल धरले तर हे सांगणारा विशीच्याही आतला होता. म्हणजे आपल्या भाषेतले वार्धक्याचे पहिले मोठे चित्र पुढे पाहणाऱ्याचे आहे, अनुभवून मागे पाहणाऱ्याचे नाही. मग मागे पाहणाऱ्यांनी काय लिहिले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

माझ्या पद्धतीविषयी दोन शब्द सांगते. माझ्याकडे मराठीची पदवी नाही. पतसंस्थेत वीस-बावीस वर्षे हिशेब लिहिले, आणि वाचन केले ते तालुक्याच्या ग्रंथालयाच्या भरवशावर. हिशेब लिहिणाऱ्या हाताला रकाने आखायची सवय असते. आत्मकथने वाचताना मी एक वही ठेवली आहे. पुस्तकाचे नाव, लेखिकेचे जन्मसाल, पुस्तकाचे साल, आणि शेवटच्या रकान्यात त्या वेळचे तिचे वय. समीक्षेच्या पुस्तकांत पहिले तीन रकाने मिळतात. चौथा क्वचितच कोणी भरते. पुस्तकात किती वयापर्यंतचे आयुष्य आले आहे याची चर्चा होते, ते कोणत्या वयाच्या बाईने सांगितले आहे याची होत नाही. प्रत्येक आत्मकथनात दोन काळ असतात. एक घडण्याचा, दुसरा सांगण्याचा. आपल्या अभ्यासकांनी घडण्याच्या काळावर भरपूर काम केले आहे. बालविवाह, केशवपन, सोवळेओवळे, उपासमार, जातीचा जाच, हे सारे त्या काळातले. माझे म्हणणे असे की या पुस्तकांतला आनंद सांगण्याच्या काळात आहे. तो वेगळा काढून पाहिला नाही तर ही पुस्तके अर्धीच वाचली जातात.

सुरुवात अर्थातच ‘स्मृतिचित्रे’पासून. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. पुस्तक १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आले, आणि लक्ष्मीबाई फेब्रुवारी १९३६ मध्ये वारल्या. म्हणजे पहिला भाग वाचकांच्या हाती पडला तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या आणि शेवटचा भाग त्यांच्या पश्चात आला. लेखनाचे निमित्तही सर्वांना ठाऊक आहे. मुलगा देवदत्त यांना वडिलांचे, नारायण वामन टिळकांचे, चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. मागितली होती नवऱ्याची माहिती, हाती आले बाईचे पुस्तक. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या बाईने मराठी गद्यातले एक अव्वल पुस्तक लिहिले, ते साठी उलटताना.

या पुस्तकात घडते काय? वडील सोवळ्याच्या वेडाने घरच्यांना सळो की पळो करून सोडतात. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न होते. नवरा तापट, फिरस्ता, हातातला पैसा कुणाला तरी देऊन मोकळा होणारा, न सांगता घर सोडून जाणारा. मुले दगावतात. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती होतो. बायको काही वर्षे माहेरच्या माणसांच्या आधाराने वेगळी राहते. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे पाळते, आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती होते. हा सारांश कुणालाही द्या, तो म्हणेल, फार सोसले हो बाईने. आणि पुस्तक उघडले की पानापानावर हसू येते.

हे हसू कुठून येते? ‘लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी’ असे म्हणून आपण हा प्रश्न बाजूला ठेवतो. विनोदबुद्धी होतीच, पण ती तेराव्या वर्षीही असणार. तेराव्या वर्षी तिला वडिलांच्या सोवळ्याचे हसू येत नव्हते, कारण तेव्हा धुतलेले पुन्हा धुवावे लागत होते. हसू यायला मध्ये पन्नास वर्षे जावी लागली. वडील गेले, टिळक १९१९ मध्ये गेले, ज्यांना भ्यायचे ती माणसे एकेक करून गेली. मग त्यांच्यावरचा राग उरला नाही आणि त्यांचे भयही उरले नाही. उरल्या त्यांच्या लकबी. एके काळी ज्या माणसांच्या हाती आपले आयुष्य होते ती आता आपल्या हातातली पात्रे आहेत, हा म्हातारपणाचा एक खास आनंद आहे, आणि तरुणपणी तो कितीही पैसे मोजून मिळत नाही.

लक्ष्मीबाईंच्या प्रकरणांची बांधणी पाहिली तर हे स्पष्ट दिसते. एखादा प्रसंग त्या जिथे संपतो तिथेच सोडतात. त्यावरून बोध काढत नाहीत, ‘त्या काळी बायकांचे असे हाल’ असा निष्कर्ष काढत नाहीत. नवऱ्याची चूक दाखवताना स्वतःच्या अडाणीपणालाही सोडत नाहीत, आणि दोन्हींना एकच माप लावतात. तक्रार करणाऱ्याला समोर न्यायाधीश लागतो. लक्ष्मीबाईंना तो नको आहे. त्यांना ऐकणारा हवा आहे. तक्रार संपून गोष्ट सुरू होणे, एवढा मोठा फरक वयाने केला आहे.

याला एक लहानसा भाषिक पुरावाही आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० चे. रमाबाईंचे वय तेव्हा ४८, आणि न्यायमूर्तींना जाऊन नऊ वर्षे झालेली. या पुस्तकात रमाबाई पतीचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, या रीतीतून निघालेली ती वाट आहे. तिच्यात आदर आहे आणि एक विलक्षण गोष्टही आहे. बायकोच्या पुस्तकात ‘स्वतः’ म्हणजे नवरा! लक्ष्मीबाई मात्र सरळ ‘टिळक’ म्हणतात. टिळक रागावले, टिळक निघाले, टिळकांनी पैसे देऊन टाकले. तिऱ्हाईताविषयी बोलावे तसे, आणि तरीही त्यात माया ओतप्रोत. दोन पुस्तकांत दोन तपांचे अंतर आहे. एक घर प्रार्थनासमाजी न्यायमूर्तींचे आणि दुसरे ख्रिस्ती कवीचे आहे, त्यामुळे सगळे श्रेय वयाला देता येणार नाही. पण ४८ व्या वर्षी पतीच्या स्मृतीची राखण करणारी विधवा आणि ६६ व्या वर्षी नवऱ्याला पात्र म्हणून चालवणारी म्हातारी यांच्या स्वरातला फरक फक्त काळाचा किंवा धर्माचा नाही. रमाबाईंना अजून पुष्कळ जपायचे आहे, लक्ष्मीबाईंचे जपण्याचे दिवस संपले आहेत.

आमच्या ग्रंथालयात महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जणी एकत्र वाचतो. ‘स्मृतिचित्रे’चे वाचन चालू असताना मला एक गोष्ट वारंवार दिसली. तिशी-चाळिशीतल्या मुली ज्या जागी ‘बाई गं’ म्हणून सुस्कारा टाकत, नेमक्या त्याच जागी सत्तरीपुढच्या दोघी-तिघी डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसत. एकदा एका तरुण शिक्षिकेने चिडून विचारले, “आजी, यात हसण्यासारखं काय आहे?” आजी म्हणाल्या, “अगं, आमच्याकडे पण असंच होतं. तेव्हा रडून झालंय, आता किती वेळा रडू?” मी ते वाक्य त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले. समीक्षेत ज्याला आपण कथनाचे अंतर म्हणतो ते आजींनी एका दमात सांगितले होते. मुलींचा सुस्कारा चुकीचा नव्हता. त्या घडण्याचा काळ वाचत होत्या. आज्या सांगण्याचा काळ वाचत होत्या, आणि लक्ष्मीबाई लिहिताना त्यांच्याच वयाच्या होत्या.

दुसरे पुस्तक आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’, १९४४ चे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया, तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. शीर्षकातच सगळे आले. घरात म्हातारी जुन्या गोष्टी सांगू लागली की आपण म्हणतो, लावलंन हिने पुराण. ऐकणाऱ्याने तसे म्हणायच्या आत बायांनी स्वतःच ते नाव मुखपृष्ठावर घातले आहे. आपल्या बोलण्याची घरात काय किंमत होते हे ओळखून त्याच शब्दाचे पुस्तक करायला वयाची एक वेगळीच तब्येत लागते.

बायांचे आयुष्य सारांशाने सांगितले तर तेही काळजाला चरे पाडणारे. कोकणातली गोदू, आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. मग केशवपन आणि सासरी राबणे. पुढे भावाच्या आधाराने मुंबईस येणे, आणि १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींत बसणे. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह, मग त्यांच्या मुरूड गावाचा बहिष्कार. नवऱ्याचा पैसा संस्थेत जाणारा, त्यामुळे घर चालवण्याची विवंचना पाठीशी कायमची. विधवांच्या आश्रमावर पुनर्विवाहाच्या चळवळीची सावली पडू नये म्हणून स्वतः पुनर्विवाहिता असलेल्या या बाईला आश्रमापासून काहीसे दूर राहावे लागले. ज्या कामाचे ती जिवंत उदाहरण, त्याच कामाला तिची अडचण! हे सगळे बायांनी सांगितले आहे. पण सांगण्याचा सूर ओटीवर बसून निवडटिपण करता करता बोलावे तसा आहे. कोकणस्थी रोखठोकपणा आहे, सहानुभूतीची याचना नाही. महर्षींची थोरवी मान्य आहे आणि त्या थोरवीचा घरखर्चही ठाऊक आहे.

इथे नवऱ्याचे आणि बायकोचे पुस्तक शेजारी ठेवून पाहावे. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे, म्हणजे ५७ व्या वर्षी लिहिलेले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९१६ मध्ये, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. सत्तरी ओलांडल्यावर ते जगप्रवासाला गेले. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षात असताना, समता संघ स्थापन केला. १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले तेव्हा ते शंभर वर्षांचे होते आणि १९६२ पर्यंत जगले. आत्मचरित्र लिहून झाल्यावर ४७ वर्षे! पुरुषांच्या उतारवयाचा विषय निघाला की आपण हे उदाहरण देतो आणि ते योग्यच आहे. काम संपत नाही, वाढत जाते, हा त्यातला आनंद. बायांचा आनंद निराळ्या जातीचा आहे. त्यांचे काम लहानपणापासून कधी थांबलेच नव्हते. त्यांना म्हातारपणी नवे मिळाले ते काम नव्हे, आपले म्हणणे पुरे होईपर्यंत ऐकून घेणारा कान. ज्या साली ऐंशी पार केलेल्या नवऱ्याने नवी संस्था काढली त्याच साली बायकोने पहिल्यांदा आपले पुराण लावले.

एवढ्यावर थांबले तर कोणी म्हणेल की या साऱ्या ब्राह्मण घरांतल्या बायका. शिकलेल्या माणसांत वावरलेल्या, जवळ मुले-सुना लिहून घ्यायला. आक्षेप रास्त आहे. म्हणून माझ्या वहीतले तिसरे पान शांताबाई कांबळे यांचे. जन्म १९२३ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या महूदचा. दलित घरातली ही मुलगी शिकली, शिक्षिका झाली, पुढे जत तालुक्यात शिक्षण विस्ताराचे काम केले. १९८१ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि मगच लिहायला बसल्या. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आधी ‘पूर्वा’ मासिकात १९८३ मध्ये क्रमशः आली, पुस्तक १९८६ मध्ये निघाले. दलित स्त्रीच्या पहिल्या आत्मकथनांत तिची गणना होते. पुढे मुंबई दूरदर्शनवर ‘नाजुका’ या नावाने तिची मालिकाही आली.

साठीच्या आसपासची ही बाई स्वतःला ‘नाजा’ म्हणते, लहानपणी घरचे म्हणायचे तसे. चाळीस वर्षे शाळेच्या हजेरीपटावर नियमाची मराठी लिहिलेली शिक्षिका आत्मकथेत मात्र घरच्या बोलीत उतरते. छोटी वाक्ये, भूक, भाकरी, आई, शाळेच्या दाराबाहेर बसणे. सगळे एका रांगेत, आवाज न चढवता. दलित आत्मकथनांची चर्चा वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांभोवती फिरते, आणि ते शब्द इथेही लागू आहेत. पण प्रमाण भाषा शिकवण्याचा पगार संपला आणि पेन्शन सुरू झाली तेव्हाच हा आवाज मोकळा झाला, हेही तितकेच खरे. मास्तरीणबाईंना निवृत्तीने आपली बोली परत दिली. नोकरीतून सुटणे म्हणजे बेलवलकरांच्या वाट्याला आलेले टाळ्यांचे थांबणे असते, हे ज्यांना टाळ्या मिळत होत्या त्यांच्यापुरते. ज्यांना सारी हयात तोंडातला शब्द तपासून काढावा लागला, त्यांच्यासाठी ती पहिली मोकळी सकाळ असू शकते.

याच ओळीत बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ठेवावे लागेल, पण थोडे बाजूला. फलटणला किराणा दुकान चालवता चालवता त्यांनी ते बरेच आधी लिहिले होते, घरच्यांच्या नजरेआड ठेवून. वह्या वर्षानुवर्षे लपलेल्या राहिल्या. १९८६ मध्ये पुस्तक आले तेव्हा बेबीताई ५७ वर्षांच्या होत्या. इथे लिहिण्याचे वय आणि सांगण्याचे वय वेगळे पडले. लिहिणे तरुणपणी जमले, पण ते उघड करायला मात्र पन्नाशी पार करावी लागली. वय वाढल्याने बाईला जे मिळते त्यात धाडसाचा वाटा केवढा असतो, हे या वह्यांवरून कळते.

आता एक उलटे उदाहरण. सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० चे, त्यांच्या साठी-पासष्टीतले. इथे लक्ष्मीबाईंचे हसू नाही. सुनीताबाई स्वतःला आणि ‘भाईं’ना, म्हणजे पुलंना, एकाच कठोर उजेडात उभे करतात. पुस्तक सालाच्या क्रमाने चालत नाही, आठवण जिकडे नेईल तिकडे जाते आणि प्रत्येक ठिकाणी हिशेब तपासते. अख्ख्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाविषयी, तो हयात असताना, त्याच्या बायकोने असे लिहावे म्हणून त्या वेळी पुष्कळ वाचक दुखावले होते. या पुस्तकाला आनंदाच्या यादीत बसवायचे की नाही, यावर मी बराच विचार केला. मला वाटते, बसवावे. हसणे हा उतारवयाचा एकच आनंद नाही. कुणाला काय वाटेल याचे ओझे खाली ठेवून, स्वतःशीही खोटे न बोलता, एक एक गोष्ट तिच्या जागी लावणे, हाही आनंदच. त्याला गोड म्हणता येणार नाही. घर आवरल्यावर जे वाटते त्याच्या जवळचे ते काहीतरी आहे.

या साऱ्या मांडणीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही टाळण्यासारखे नाहीत. पहिला असा की ज्यांचे म्हातारपण खरोखर हलाखीत गेले त्यांनी पुस्तके लिहिलीच नाहीत. स्मृती गेलेली, अंथरुणाला खिळलेली, उपाशी किंवा टाकून दिलेली म्हातारी आत्मकथन लिहीत नाही. माझ्या वहीत फक्त वाचलेल्यांची नोंद आहे, बुडालेल्यांची नाही. हे खरे आहे, आणि म्हणून मी असे म्हणत नाही की म्हातारपण सुखाचे असते. ‘संध्याछाया’तले रिकामे घर आजही गावोगावी आहे, आणि उजाड झालेल्या वाड्यांत तर जास्तच. मी एवढेच म्हणते की वार्धक्यात सुख असले तर ते कोणत्या आकाराचे असते, हे समजायला या पुस्तकांहून चांगला पुरावा आपल्याकडे नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ही पुस्तके किती अंशी त्या बायकांची आणि किती अंशी त्यांच्या घरच्यांची? ‘स्मृतिचित्रे’ देवदत्तांच्या हातून गेले, पुढे नातू अशोक टिळकांनी त्याची आवृत्ती सिद्ध केली. ‘माझे पुराण’ सुनेने संपादले. शुद्धलेखन दुरुस्त करणाऱ्याने स्वरही दुरुस्त केला नसेल कशावरून? हस्तलिखिते आणि छापील मजकूर शेजारी ठेवून कोणी तरी हे काम नेटाने केले पाहिजे. तोवर माझे उत्तर असे की संपादक वाक्य सरळ करू शकतो, शब्द गाळू शकतो, प्रकरणे जुळवू शकतो. प्रसंग कुठे सोडायचा हे मात्र सांगणाऱ्याच्या श्वासावर ठरते. लक्ष्मीबाईंच्या प्रकरणांचे शेवट पाहावेत. ते दुसऱ्या कुणाला सुचतील असे वाटत नाही. शिवाय मागणारा मुलगा आणि लिहून घेणारी सून यांना मी या आनंदाबाहेर ठेवत नाही. पुढची पिढी वही घेऊन समोर बसली आणि म्हणाली, सांग. हे घडले नसते तर दोन्ही पुस्तके झाली नसती. सांगण्याचा आनंद दोघांत मिळून होतो.

म्हणून या विषयाकडे मी फक्त साहित्याचा प्रश्न म्हणून पाहत नाही. आपल्या घराघरांत आज ७५-८० च्या बायका आहेत. त्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे. रोजगार हमीवर खडी फोडली आहे, गिरणीच्या संपात घर चालवले आहे. कुणी पहिल्यांदा एस.टी.त बसून परगावी नोकरीला गेली आहे. आपण त्यांच्याकडे औषधांच्या वेळा आणि बँकेचे हयातीचे दाखले यांसाठी जातो. त्यांच्या सांगण्याला ‘पुराण’ म्हणतो, तेही बायांच्या पुस्तकातला विनोद न ओळखता. त्यांचे दुःख ऐकायला कधीमधी कोणी अभ्यासक येतो, पण तोही दुःखच ऐकायला येतो. त्यांना हसू येऊ लागले की टेप बंद होते, कारण ते प्रश्नावलीत बसत नाही. असे हसणे वाया गेले तर नुकसान त्यांचे नाही, आपले आहे.

समीक्षकांकडे माझी मागणी लहान आहे. मराठी आत्मकथनांच्या याद्यांत, कोशांत आणि अभ्यासक्रमांच्या टिपणांत एक रकाना वाढवावा, लिहितानाच्या वयाचा. तो भरत गेलो की पुष्कळ गोष्टी आपोआप दिसू लागतील. विशी-तिशीतल्या आत्मकथनांत आरोप का धारदार असतो, पन्नाशीतल्या पुस्तकांत समर्थन का डोकावते, आणि साठीपुढे कुठेतरी आरोप आणि समर्थन दोन्ही मागे पडून नुसती माणसे का दिसू लागतात, हे कळू लागेल. सगळ्यांच्या बाबतीत असे होईलच असे नाही. अपवादही निघतील, आणि तेही मला हवे आहेत.

मी सध्या ५६ वर्षांची आहे. वहीतल्या हिशेबाप्रमाणे रमाबाईंच्या पुढे, बेबीताईंच्या बरोबरीला आणि लक्ष्मीबाईंना गाठायला अजून दहा वर्षे बाकी. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढला आहे, नावे आठवायला वेळ लागतो. तरी पुढच्या दहा वर्षांत कोणकोणत्या गोष्टींचे हसू येऊ लागेल याची मला उत्सुकता आहे. ग्रंथालयातल्या आज्यांना मी तसे बोलूनही दाखवले. त्या म्हणाल्या, “ये, ये. जागा आहे.”